चौऱ्याण्णवची मारुती ८०० आणि अर्ध्या तासाने बंद पडायची तिची खोड

अडगळ | ८ मार्च, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

बाबांची गाडी आता रीतसर माझ्या गळ्यात पडली आहे. मारुती ८००, १९९४ ची, नंबर एमएच-०२ चा, रंग पांढरा (होता). बाबा ७९ वर्षांचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी आपण होऊन किल्ली माझ्या हातात ठेवली, पण दोन अटींवर. गाडी विकायची नाही, आणि नेहमीच्या गॅरेजला न्यायची नाही. दुसरी अट अशासाठी, की गेल्या वर्षी बिलात नवा एअर फिल्टर लावला होता. परवा मी डबा उघडला तर आत जुनाच फिल्टर आणि त्यात वाळून पापड झालेली पाल.

गाडी रोज निघत नाही. पार्ल्याहून दादरला मावशीकडे, अधूनमधून ठाणे, वर्षाकाठी एकदा अलिबाग. दीड हजार किलोमीटर भरले तर खूप.

आता रडगाणं. सकाळी एका सेल्फला सुरू होते, शिवणयंत्रासारखी चालते. अर्धा-पाऊण तास ट्रॅफिकमध्ये काढला की पिकअप जातो, दोन झटके देते आणि बंद. मग कितीही सेल्फ मारा, ढिम्म. पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली की जणू काही झालंच नव्हतं. असं तीनदा झालंय, त्यातलं एकदा सायन सर्कलला भर संध्याकाळी. त्या दिवशी मागच्यांकडून जे ऐकून घेतलं ते इथे लिहिलं तर संपादक धागा उडवतील.

शिवाय ब्रेक पहिल्यांदा दाबला की अर्ध्याच्या खाली जातो, लगेच दुसऱ्यांदा दाबला की घट्ट लागतो. आणि पावसाळ्यात ड्रायव्हरच्या पायाखाली तळं साचतं. आत्ता कोरडं आहे, पण कार्पेटला कुबट वास येतो.

माझी सामग्री: पान्यांचा एक संच, एक मल्टिमीटर आणि रविवारची सकाळ. पदवी कॉमर्सची. सोसायटीच्या आवारात "येथे वाहने दुरुस्त करू नयेत" अशी पाटी आहे. तर घरी काय काय करावं आणि कशाला हातही लावू नये?

व्यवहारी | ८ मार्च, रात्री ११:४८

विका. वीस वर्षांपुढच्या मोटारीच्या फेरनोंदणीला ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार लागतात, त्यावर पर्यावरण कर वेगळा. तेवढ्या पैशांत मावशीकडे किती वेळा टॅक्सीने जाता येईल त्याचा हिशोब कॉमर्सवाल्याला मी सांगायला नको.

अडगळ | ८ मार्च, रात्री ११:५५

फेरनोंदणी २०२४ मध्ये झाली आहे, त्यामुळे २०२९ पर्यंत ती चिंता नाही. तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "त्यांना सांग, आमच्याकडे भावना आणि पार्किंग दोन्ही आहे."

गिरगावचा_फियाटवाला | ९ मार्च, सकाळी ७:१०

वा, सकाळी सकाळी चांगला धागा दिसला.

आमच्याकडे १९८२ ची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. अडगळ, तुमच्या गाडीला जे होतंय ते आम्ही मे महिन्यात पेडर रोडच्या चढावर चाळीस वर्षं भोगलं आहे. याला व्हेपर लॉक म्हणतात. पेट्रोलचा यांत्रिक पंप इंजिनालाच चिकटलेला असतो. गाडी रांगत असली की वारा लागत नाही, पंप तापतो, आत पेट्रोलची वाफ होते आणि पंप द्रवाऐवजी ती वाफच दाबत बसतो. कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) कोरडा पडतो. थंड झालं की वाफेचं परत पेट्रोल.

उपाय: पंपावर ओलं फडकं. मुंबईतल्या प्रत्येक फियाट टॅक्सीत सीटखाली पाण्याची बाटली आणि फडकं असायचंच. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या काळ्या-पिवळ्या फियाटी रस्त्यावरून गेल्या, त्यांच्याबरोबर हे शास्त्रही गेलं.

(अवांतर: सुटे भाग मिळवायची तुमची चैन आहे हो. मला एका दरवाजाच्या हँडलसाठी चार शुक्रवार चोरबाजार पालथा घालावा लागला.)

इथेनॉलग्रस्त | ९ मार्च, सकाळी ९:३२

फियाटवाल्या काकांशी सहमत, पण मूळ कारण वेगळं आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. तुमची गाडी बनली तेव्हाच्या रबराला इथेनॉल ठाऊकच नव्हतं. जुने पाइप फुगतात, मऊ पडतात, मग आतून सोलवटतात आणि तो चुरा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, जाऊन बसतो. इथेनॉल हवेतली वाफही ओढून घेतं. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाशी पाणी. माझ्या ओम्नीच्या पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) असाच गेला. सगळे पाइप बदला, डोळे मिटून.

नागदेवी_रिटर्न | ९ मार्च, दुपारी १:०५

डोळे मिटून काही बदलू नका, पण पाइप बदलाच. तीस वर्षं झाली आहेत, कारण काहीही निघो. नागदेवी स्ट्रीटला पेट्रोलचा पाइप मीटरवर मिळतो. साधा काळा देतील, तो घेऊ नका. इथेनॉलला चालणारा मागा, पाइपावर तसं छापलेलं असतं. क्लिपा नव्या घ्या. जुन्या दात्यांच्या क्लिपा आवळून पाइप कापतात.

एक कळीची गोष्ट. तुमचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन ओम्नीतही होतं आणि ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती. त्यामुळे ८०० म्हणून विचारल्यावर दुकानदाराने मान हलवली तर "ओम्नी कार्ब्युरेटरवाली" म्हणून विचारा. प्लग, फिल्टर, डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला पाळीने वीज वाटणारा भाग) कॅप, रोटर, गॅसकेट मिळून जातं. मात्र जुना भाग हातात घेऊन जा, नुसत्या नावावर विश्वास ठेवू नका. पत्र्याचे भाग, काचा, दिवे, दरवाजे यांसाठी कुर्ल्याला सीएसटी रोड. तिथे पहिला भाव ऐकून हसायचं आणि चार पावलं पुढे चालायला लागायचं.

पाना_नंबर_दहा | ९ मार्च, रात्री ९:४०

आयटीआयमध्ये सव्वीस वर्षं मोटर मेकॅनिकच्या मुलांना शिकवलं, म्हणून थोडं लांबण लावते.

इंजिन नंतर. न चालणारी गाडी कुणाचं वाईट करत नाही, न थांबणारी करते. पहिल्या दाबाला खाली आणि दुसऱ्याला घट्ट, याचा अर्थ बहुधा मागच्या ब्रेकच्या ड्रममधले लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे) झिजलेत, नाहीतर लाइनमध्ये हवा आहे. आधी ब्रेक ऑइलच्या डबीत पातळी बघा. मग मागच्या दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का ते बघा. ओल असली तर व्हील सिलिंडरचं (ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर दाबणारा भाग) रबर गेलं.

हे काम तुम्ही करू शकाल, पण पहिल्या खेपेला एकट्याने नाही. घरी येणारा एखादा मेकॅनिक बोलवा, त्याला मजुरी द्या आणि बाजूला स्टूल टाकून बसा. दुसऱ्या चाकाला पाना तुमच्या हातात, नजर त्याची. आणि ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकायची नाही! सगळे मेकॅनिक फुंकतात. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने टिपून फडकं टाकून द्या. ब्रेक ऑइल डॉट ३, सीलबंद डब्यातलंच. ते हवेतलं पाणी पितं आणि मुंबईच्या हवेत पाण्याला तोटा नाही, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग सोलून निघेल.

नुसत्या जॅकवर गाडी चढवून खाली शिरायचं नाही. लोखंडी घोडी आणा, दोन. आवारात पेव्हर ब्लॉक असतील तर घोडीखाली जाड फळी ठेवा, ब्लॉक खचतात. हे मी विद्यार्थ्यांना ओरडून सांगायचे, तुम्हाला नुसतं लिहून सांगते आहे, पण ओरडून सांगितलंय असं समजा.

बंद पडण्याबद्दल मत देणार नाही. माहिती अपुरी आहे.

अडगळ | ९ मार्च, रात्री १०:१५

ताई, ओरडा पोचला. घोड्या मागवल्या.

वरळी_कोळीवाडा | १० मार्च, रात्री १२:२०

पायाखालच्या तळ्याबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी.

इंजिन तीनदा बांधता येतं, पत्रा सडला की गाडी संपली. आमच्याकडे समुद्र घराला लागून आहे. भावाची ८०० मी डोळ्यांदेखत बिस्किटासारखी झालेली पाहिली आहे. बाहेरून चकचकीत, आणि एक दिवस ड्रायव्हरच्या सीटचा एक पाय फ्लोअरमधून खाली. बाहेरचे रंगाचे फोड ही शेवटची पायरी असते. गंज आतून येतो.

तुमचं पाणी बहुतेक दरवाजातून येत नाही. बॉनेट उघडा आणि वायपरच्या खाली, काचेच्या पायथ्याशी जी पन्हळ असते ती बघा. तिच्या टोकांना पाणी जायला भोकं असतात. गाडी गुलमोहराखाली उभी करता का? त्या पानांचा बारीक चुरा पन्हळीत बसतो, भिजून चहाच्या चोथ्यासारखा होतो, भोकं बुजतात आणि पाणी आतल्या बाजूने फ्लोअरवर उतरतं. तो चोथा हाताने काढा, मग मगाने पाणी ओता आणि खाली कुठून पडतं ते पाहा.

चारही दरवाजांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, ती झाडूच्या काडीने मोकळी करा. एका पेंटरने माझ्या गाडीची ही भोकं पुट्टी भरून "साफ" केली होती. पुढच्या पावसाळ्यात दरवाजा हलवला की आतून डबक्याचा आवाज.

कार्पेट पूर्ण बाहेर काढा. खाली जो नमदा असतो तो एकदा भिजला की डिसेंबरपर्यंत वाळत नाही. उन्हात दोन दिवस घाला, किंवा सरळ फेकून द्या. फ्लोअरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणटण आवाज आला तर पत्रा शाबूत, भद्द आला तर सडलाय. सडलेलं कापून नवा पत्रा वेल्ड करायला डेंटरकडे जा, तिथे घरगुती उपाय नाही. वरवरचा गंज असेल तर तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत घासा, मग प्रायमर, मग रंग. गंजावरच डांबरी लेप मारणारे लोक आहेत. त्यांना वाटतं गंज झाकला, पण आत पाणी अडकतं आणि पत्रा दुप्पट वेगाने सडतो.

लाल_डब्बा | १० मार्च, सकाळी ८:५०

जुनं इंजिन ऑइल खालून फासा. आमचे आजोबा तेच करायचे, ट्रक तीस वर्षं चालला.

वरळी_कोळीवाडा | १० मार्च, सकाळी ९:१५

फासू नका. त्यात आम्ल असतं आणि ते रबराचे बुश खातं. वर पहिल्या पावसात धुऊन गटारात जातं, तिथून माझ्या दारात, समुद्रात. आजोबांचा ट्रक सोलापूरला होता ना?

लाल_डब्बा | १० मार्च, सकाळी ९:१८

बार्शीला 😀 मागे घेतो.

अडगळ | १६ मार्च, रात्री ८:००

रविवारचा अहवाल.

पन्हळ: दोन मुठी चोथा निघाला. अगदी चहाचाच. त्यात एक पिचकलेलं पेन आणि सिद्धिविनायकाच्या हाराची दोरी. पाणी ओतलं, आता पुढच्या चाकाच्या मागे सरळ धार पडते. बाबा खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "बघ, मी तुला सांगत होतो आतून येतं." कधी सांगत होते ते मला आठवत नाही.

फ्लोअर: ड्रायव्हरच्या टाचेखाली तळहाताएवढी जागा भद्द. बाकी टणटण. डेंटरकडे पुढच्या आठवड्यात.

ब्रेक: मेकॅनिक आला. डाव्या मागच्या चाकाचा व्हील सिलिंडर गळत होता, लायनर ऑइलने चिंब. दोन्ही बाजूंना नवं घातलं. उजवं चाक मी केलं. त्याने ड्रम उघडल्याबरोबर गाल फुगवले आणि मी अक्षरशः त्याच्या तोंडापुढे हात धरला. ब्रेक आता पहिल्याच दाबाला लागतो.

पेट्रोलचे पाइप: तिन्ही बदलले, फिल्टर नवा पारदर्शक. जुना पाइप वाकवला तर बाहेरून तडे दिसत होते. इथेनॉलग्रस्त, तुमचं म्हणणं खरं होतं.

सेक्रेटरी खाली आले होते. मी म्हटलं दुरुस्ती नाही, साफसफाई चालू आहे. त्यांनी घोडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या स्कूटरचा आरसा घट्ट करून मागितला.

आता ठाण्याला चक्कर मारून येतो.

अडगळ | १६ मार्च, रात्री ११:३५

मुलुंड टोलनाक्याच्या अलीकडे बंद पडली. ओलं फडकं बरोबर नेलं होतं, पंपावर टाकलं, दहा मिनिटं काही नाही. मग सुरू. म्हणजे फडक्याने झाली की वेळेने, देव जाणे.

व्यवहारी | १६ मार्च, रात्री ११:४१

मी काहीच बोलत नाहीये.

इथेनॉलग्रस्त | १७ मार्च, सकाळी ८:०५

आता टाकी उतरवून धुवा. जुना मळ इथेनॉलमुळे सुटतो. तोच अडकत असणार.

गिरगावचा_फियाटवाला | १७ मार्च, सकाळी ८:२०

पंप आणि इंजिन यांच्यामधलं गॅसकेट बघा. ते उष्णता अडवतं. पातळ घातलं असेल तर पंप तापणारच.

पाना_नंबर_दहा | १७ मार्च, सकाळी १०:००

थांबा सगळे. अडगळ, टाकी उतरवू नका.

आत्तापर्यंत तुम्ही गाडी घरी आणून, थंड करून, चालू असताना तपासलीत. चालू गाडीत दोष नसतोच, मग दिसणार कसा? ती बंद पडते तेव्हाची ती पंधरा मिनिटं, तेवढाच तुमच्या हातात पुरावा. आणि त्या वेळी तुम्ही काय केलंत? फडकं टाकलंत आणि वाट पाहिलीत.

पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि योग्य वेळी ठिणगी. पुढच्या वेळी बंद पडेल तेव्हा बाजूला घ्या, पार्किंग लाइट लावा, आणि या क्रमाने बघा.

टाकीचं झाकण उघडा. जोरात हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणाची वा टाकीची हवेची वाट बुजली आहे. आतल्या निर्वातामुळे पंपाला पेट्रोल ओढता येत नाही.

मग नवा फिल्टर बघा. त्यात पेट्रोल दिसतं की नुसते बुडबुडे? त्यानंतर एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात बघा आणि ॲक्सिलरेटरची तार हाताने ओढा. पेट्रोलची बारीक धार उडाली तर पेट्रोल पोचतंय, व्हेपर लॉक आणि टाकी दोन्ही बाद. बारकाईने बघा, पण तोंड जवळ नेऊ नका, आणि सिगारेट नको.

एअर फिल्टर परत लावून झाकण बंद करा. मग ठिणगी. एक जादा प्लग बरोबर ठेवा. प्लगची एक वायर काढून त्याला लावा, प्लगचं लोखंडी अंग इंजिनाच्या उघड्या धातूला पक्कं टेकवून जाड वायरीने बांधा. कार्ब्युरेटरपासून लांब, आणि हातात धरायचा नाही, सणसणीत झटका बसतो. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी आणि टचटच वाजणारी हवी. पिवळी, अशक्त किंवा गायब असली तर तुमचं दुखणं पेट्रोलचं नाहीच.

डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंट (उघडझाप करून ठिणगीची वेळ साधणारे जुन्या पद्धतीचे संपर्क) आहेत का इलेक्ट्रॉनिक?

अडगळ | १७ मार्च, सकाळी १०:४०

इलेक्ट्रॉनिक. कधीतरी बदललेला दिसतोय.

ताई, म्हणजे मी आता मुद्दाम बंद पाडायला बाहेर पडायचं?

पाना_नंबर_दहा | १७ मार्च, सकाळी १०:४४

हो. रविवारी दुपारी, भर उन्हात. बरोबर कुणाला तरी घेऊन जा.

सव्वीस_जुलै | १९ मार्च, रात्री १०:०५

तोवर थोडं अवांतर. पावसाळ्याचा विषय निघालाच आहे म्हणून.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा माझी ८०० कलिन्याला छपरापर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर शेजाऱ्यांनी आपापल्या गाड्यांना सेल्फ मारून बघितला. तिथेच त्यांचं इंजिन संपलं. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असतं, पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मी बॅटरीची वायर आधी काढली, तिन्ही प्लग काढले, मग हाताने इंजिन फिरवलं. भोकांतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडाल्या. ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं. दोनदा ऑइल घालून काढून टाकलं, गिअर ऑइल बदललं, चारही चाकांची बेअरिंगं बदलली, स्टार्टर आणि अल्टरनेटर उघडून वाळवले. ती गाडी पुढे नऊ वर्षं चालली. तिच्या सीटच्या फोममधून मात्र शेवटपर्यंत मिठी नदी गेली नाही.

तेव्हा गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर मोह आवरा.

नागदेवी_रिटर्न | २० मार्च, सकाळी ११:३०

सुंदर प्रतिसाद. त्याला जोडून: अडगळ, टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा रबरी पट्टा) कधी बदलला होता? कमी चालणाऱ्या गाडीत किलोमीटर बघून उपयोग नाही, रबर वयाने मरतं. पाच-सहा वर्षं झाली असतील तर बदला. टायरचंही तेच. बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी भरपूर आहे म्हणून लोक बारा वर्षांचे दगड घेऊन फिरतात आणि पहिल्या पावसात सीलिंकच्या वळणावर रामरक्षा म्हणतात.

अडगळ | २३ मार्च, संध्याकाळी ६:५०

सापडलं!!

बाबांना बरोबर घेतलं (दुसरं कुणी दुपारी दोनला यायला तयार नव्हतं). पार्ला, साकीनाका, पवई, परत. पंचेचाळीस मिनिटं झाली तरी बंद पडेना. आयुष्यात पहिल्यांदा गाडी चालतेय म्हणून मी वैतागलो होतो. शेवटी साकीनाक्याच्या गर्दीत तिने मान टाकली. एका रिक्षावाल्याने ढकलायला मदत केली आणि "काका, आता विश्रांती द्या हिला" असं म्हणून गेला.

झाकण: आवाज नाही. फिल्टर: पेट्रोलने भरलेला. कार्ब्युरेटर: तार ओढली, मस्त धार. फियाटवाले काका आणि इथेनॉलग्रस्त, क्षमस्व.

बांधलेला प्लग: बाबांनी सेल्फ मारला. काहीच नाही. पुन्हा. एकदा पिवळट काहीतरी चमकल्यासारखं वाटलं. कॉइलजवळ हात नेला तर हात टेकवेना. वायरी सोडवून मल्टिमीटर लावला. जाड वेढा दीड ओहम. बारीक वेढा, म्हणजे मधल्या टोकापासून, मीटरवर काहीच नाही, सर्किट तुटलेलं. तिथेच थांबलो. बारा मिनिटांनी मीटर आपोआप जिवंत झाला, अकरा हजार ओहम. ठिणगी निळी. गाडी चालू.

पाना_नंबर_दहा | २३ मार्च, संध्याकाळी ७:३०

शाब्बास. हे मोजमाप वर्गात दाखवायला मला कधी मिळालं नाही.

बाकीच्यांसाठी: कॉइल बॅटरीच्या बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करते, तेव्हा प्लगच्या फटीत ठिणगी पडते. त्यासाठी आत केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात. वयाने ती तार कुठेतरी तुटते पण टोकं एकमेकांना टेकलेली राहतात. तापली की पसरतात आणि सुटतात, थंड झाली की परत टेकतात. म्हणून घरी कधीच दोष दिसला नाही.

नवी घेताना तुमच्या डिस्ट्रिब्युटरला चालणारीच घ्या. पॉइंटवाल्या गाडीची कॉइल इलेक्ट्रॉनिकला लावून मॉड्यूल (डिस्ट्रिब्युटरचं इलेक्ट्रॉनिक सर्किट) जाळलेली माणसं मी पाहिली आहेत. आणि इंजिन बंद असताना इग्निशन चालू ठेवून बसू नका, कॉइल विनाकारण तापते.

गिरगावचा_फियाटवाला | २३ मार्च, रात्री ८:१०

हार मान्य. पण गाडीत पाण्याची बाटली आणि फडकं ठेवाच. घाम पुसायला तरी होतं.

अडगळ | ३० मार्च, रात्री ९:२५

कॉइल बदलली. ओम्नीची म्हणून मागितली, जुनी हातात घेऊन गेलो होतो. दोन स्क्रू, तीन वायरी, दहा मिनिटांचं काम. शनिवारी ठाण्याला जाऊन आलो, रविवारी मुद्दाम दुपारी दादर. पीयूसीही करून घेतली, कार्बन मोनॉक्साइड १.८ टक्के आला. आमच्या वयाच्या गाड्यांना ३ पर्यंत चालतो. डेंटरने फ्लोअरला तळहाताएवढा पत्रा लावून दिला.

आता खरी गंमत. टायमिंग बेल्टचं कळावं म्हणून बाबांची पेट्रोलची वही काढली. १९९४ पासून प्रत्येक वेळी किती लिटर, किती किलोमीटर, काय दुरुस्ती, सगळं लिहिलेलं. बेल्ट शेवटचा २०११ ला. (हो, नागदेवी, उद्याच बदलतोय.) पानं उलटताना २००३ चा मे सापडला. बाबांच्या अक्षरात:

"माहीम कॉजवे. गरम झाल्यावर बंद. १५ मि. नंतर सुरू. तिसरी खेप. कॉइल बदलली. ठीक."

मी वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "मग? तू कधी विचारलंस?"

सव्वीस_जुलै | ३० मार्च, रात्री ९:४०

😂😂 वहीचे फोटो टाका.

व्यवहारी | ३० मार्च, रात्री १०:०२

एक प्रश्न. आमच्या बिल्डिंगमध्ये एकजण २००१ ची, पाच गिअरवाली ८०० विकतोय. पत्रा टणटण वाजतोय, मी ठोकून पाहिला. कितीपर्यंत द्यावेत?